पोटातला अनाहूत भागीदार

‘जंतच तर झालेत, होतील बरे’ असे म्हणून आपण ज्यांच्याकडे काणाडोळा करतो, ते लहान आतड्यात बसून मुलाच्या घासातला वाटा उचलतात, आणि कधी कधी जिवावरही बेततात. मात्र थोडी दक्षता घेतली, तर या भागीदाराला दारातूनच परत पाठवता येते.

दिल्लीच्या उत्तर भागात, विद्यापीठाजवळच्या टेकडीवर ‘हिंदूराव’ नावाचे मोठे रुग्णालय आहे. दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला हे नाव ऐकून नवल वाटते. हे हिंदूराव म्हणजे कोल्हापूरजवळच्या कागलचे घाटगे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला आणि टेकडीवरचा त्याचा बंगला पुढे हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी याच बंगल्यात आपले ठाणे केले होते. १९११ साली इथे रुग्णालय सुरू झाले. आज ते दिल्ली महानगरपालिकेच्या मोठ्या रुग्णालयांपैकी एक आहे.

टेकडीच्या पायथ्याशी सब्जी मंडी, मलकागंज अशा दाटीवाटीच्या वस्त्या आहेत. अशा वस्त्यांतून मुलाला कडेवर घेऊन येणाऱ्या आयांची तक्रार, मग रुग्णालय दिल्लीचे असो, मुंबईचे असो की नागपूरचे, बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. मूल खाते, पण अंगाला लागत नाही. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे. बेंबीभोवती दुखते म्हणून रडते. आणि मग आवाज खाली करून आई सांगते, ‘काल शौचातून एक लांब जंत पडला.’

ही शेवटची गोष्ट सांगताना तिला संकोच वाटतो, जणू काही आपल्याच घरच्या अस्वच्छतेचा पुरावा आपण देत आहोत. खरे तर लाजण्यासारखे त्यात काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे दीडशे कोटी लोकांच्या पोटात मातीतून पसरणारे जंत आहेत. भारतात १ ते १४ वर्षे वयाच्या सुमारे २२ कोटी मुलांना या जंतांचा धोका असल्याचे याच संघटनेने म्हटले होते.

आतड्यातून निघून आतड्यातच

पोटात होणारे जंत अनेक प्रकारचे. गुदद्वाराशी रात्री खाज आणणारे सुतासारखे बारीक कृमी वेगळे, आतड्याला आकड्याने चिकटून रक्त पिणारे अंकुशकृमी वेगळे. इथे विचार करायचा आहे तो लांब, गोल, गांडुळासारख्या दिसणाऱ्या जंताचा. शास्त्रीय भाषेत त्याला ‘अ‍ॅस्कॅरिस’ म्हणतात. गांडुळासारखा दिसला तरी त्याचा रंग पांढुरका किंवा फिकट गुलाबी असतो. मादी २० ते ३५ सेंटीमीटर लांब वाढते. म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षाही लांब! नर त्याहून आखूड असतो.

एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ती डोळ्यांना दिसत नाहीत. शौचावाटे बाहेर पडताच ती कोणाला बाधत नाहीत. ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्यांच्यात अळी तयार होते आणि मग ती घातक ठरतात. या अंड्यांचे कवच इतके चिवट असते, की अनुकूल मातीत ती काही वर्षे तग धरू शकतात. मातीत खेळलेले हात, न धुतलेले गाजर-मुळे, सांडपाण्यावर पिकवलेली कोथिंबीर, अंगणात पडलेले आणि उचलून खाल्लेले बोर, यांपैकी कशाच्याही सोबत अंडी पोटात जातात.

यापुढचा प्रवास एखाद्या रहस्यकथेसारखा आहे. लहान आतड्यात पोहोचल्यावर अंडे फुटते आणि अळी बाहेर पडते. ती तिथेच का राहत नाही? ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. रक्ताबरोबर यकृतात, तिथून हृदयात आणि हृदयातून फुप्फुसांत जाते. फुप्फुसात दहा-बारा दिवस मुक्काम केल्यावर श्वासनलिकेतून वर चढत घशाशी येते. मूल आवंढा गिळते आणि अळी पुन्हा पोटात जाते. आता मात्र ती लहान आतड्यात कायमचे बस्तान बसवते. अंडे पोटात गेल्यापासून नवी मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. एक जंत वर्ष-दोन वर्षे जगतो.

हा प्रवास पडताळून पाहण्यासाठी १९२२ साली जपानमधील कोइनो नावाच्या डॉक्टरने स्वतःच जंतांची २ हजार अंडी गिळली होती. काही दिवसांनी त्याला ताप-खोकला झाला आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. म्हणूनच जंतांची बाधा झालेल्या मुलाला सुरुवातीला पोटाची नव्हे, तर कोरडा खोकला, घरघर, बारीक ताप अशी तक्रार असू शकते. त्या वेळी जंतांची शंका सहसा कोणाला येत नाही.

घासातला वाटा

लहान आतडे हे शरीराचे खरे कोठीघर. मोठ्या माणसात त्याची लांबी सहा मीटरच्या आसपास असते. आतल्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य अंकुर असतात. पचलेले अन्न हे अंकुरच शोषून घेतात आणि रक्तात सोडतात. हा जंत बहुधा लहान आतड्याच्या मधल्या भागात राहतो, कारण पचून तयार झालेले अन्न त्याला तिथे आयते मिळते. त्याला आकडे नसतात. आतडे अन्न पुढे ढकलत असते, तसेच ते जंतालाही ढकलते. अंगातल्या स्नायूंच्या जोरावर, आतड्याच्या भिंतीला अंग टेकवून, तो प्रवाहाच्या उलट सतत पोहत राहतो आणि आपली जागा सोडत नाही.

दोन-चार जंत असतील तर बहुतेकांना काही त्रास जाणवत नाही. पण संख्या वाढली की परिणाम दिसू लागतात. जंत अन्नातला वाटा घेतात तो वेगळाच. शिवाय आतड्यातले अंकुर आखूड आणि बोथट होतात. शोषणाची जागाच कमी झाल्याने मुलाने खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही. दुधातली साखर नीट पचत नाही, त्यामुळे दूध प्याल्यावर पोट फुगते. भूकही मंदावते.

या बाबतीत आपल्या देशात फार पूर्वी मोलाचे काम झाले आहे. निलगिरीतल्या कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत पी. एस. वेंकटाचलम आणि वि. ना. पटवर्धन या शास्त्रज्ञांनी जंत झालेल्या मुलांच्या पचनाचा अभ्यास करून १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोटात जंत असताना अन्नातल्या प्रथिनांचा बराच भाग शौचावाटे वाया जातो आणि जंत पाडल्यावर ही नासाडी कमी होते, असे त्यांना आढळले. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. याच संस्थेतल्या शिवकुमार आणि रेड्डी यांनी १९७५ साली दाखवून दिले, की जंत झालेल्या मुलांच्या आतड्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचे शोषणही कमी होते. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की डोळ्यांवर परिणाम होतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

दोन वेळच्या जेवणाची ददात नसलेल्या घरातल्या मुलाला यातून सावरता येते. पण ज्या घरात डाळीचे वरण रोज पातळ होत जाते, तिथे हा न बोलावता आलेला भागीदार फार महाग पडतो.

गाठ पडते तेव्हा

जंतांचे खरे भयंकर रूप दिसते ते ते आतड्यात एकमेकांत गुंतून बसतात तेव्हा. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तिथली वाट अरुंद असते. दहा-वीस नव्हे, कधी शे-दोनशे जंतांचा गोळा या अरुंद वाटेच्या अलीकडे अडकतो. पुढे काहीच सरकत नाही. हा प्रकार मोठ्यांपेक्षा लहान मुलांत अधिक, विशेषतः दोन ते दहा वर्षांच्या वयात, कारण त्यांचे आतडे मुळातच अरुंद असते.

याची लक्षणे प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावीत. पोटात थांबून थांबून जोराची कळ येते आणि मूल गुडघे पोटाशी घेते. पोट फुगून टणक होते. उलट्या सुरू होतात. त्या हिरवट असतात किंवा त्यातून जंतच पडतो. शौचाला होत नाही, वारा सरत नाही. कधी पोटावर हात ठेवल्यास मळलेल्या कणकेसारखा गोळा हाताला लागतो.

अशा वेळी घरी एरंडेल देणे, जुलाब देणे किंवा जंतांची गोळी देणे हे तिन्ही उपाय धोक्याचे आहेत. वाट बंद असताना मागून जोर लावल्यास आतडे फाटू शकते. मुलाच्या तोंडात काहीही न घालता त्याला थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

तिथे गेल्यावर लगेच पोट उघडतात, अशी अनेकांची समजूत असते. तसे होतेच असे नाही. एक्स-रे आणि सोनोग्राफीत जंतांचा जुडगा ओळखता येतो. मुलाला तोंडाने काही न देता शिरेतून सलाईन दिले जाते आणि नाकातून नळी घालून पोटातले पाणी काढले जाते. आतड्याला विसावा मिळाला, की बऱ्याच मुलांमध्ये जंतांचा गोळा आपोआप सैल होतो आणि जंत पुढे सरकतात. जंतांचे औषध देतात ते वाट मोकळी झाल्यावर. पण आतड्याला पीळ पडला असेल, आतड्याचा भाग काळा पडला असेल किंवा भोक पडले असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. आतडे धड असेल तर शल्यचिकित्सक हातानेच जंत पुढे मोठ्या आतड्यात सरकवतात, किंवा आतड्याला लहान छेद देऊन बाहेर काढतात. आतडे सडले असेल तर तेवढा भाग कापावा लागतो. उशीर किती झाला, यावर सारे अवलंबून असते.

जंत भटकेही असतात. ते पित्तनलिकेत शिरले तर कावीळ आणि असह्य कळा येतात, स्वादुपिंडाला सूज येते. काश्मीरमध्ये हा प्रकार इतका आढळत असे, की श्रीनगरच्या डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५०० रुग्णांचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला.

एका मुलीच्या मृत्यूने जागा झालेला देश

१९६३ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियातल्या जोंजू शहरातील रुग्णालयात पोटदुखीने तळमळणारी नऊ वर्षांची एक मुलगी आली. शस्त्रक्रियेत तिच्या आतड्यातून १,०६३ जंत निघाले. मुलगी वाचली नाही. त्या काळी कोरियात शेतीला मानवी मैल्याचे खत घालण्याची रीत होती आणि घरोघर जंत होते. ही बातमी देशभर पोहोचली आणि लोक हादरले. पुढच्याच वर्षी जंतनिर्मूलनासाठी एक संघटना उभी राहिली. १९६६ साली कायदा झाला. १९६९ पासून शाळाशाळांतून वर्षातून दोनदा मुलांच्या शौचाची तपासणी आणि जंत आढळल्यास औषध, असा क्रम सुरू झाला आणि तो पाव शतकाहून अधिक काळ अखंड चालला. १९७१ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात हे गोल जंत होते. १९९७ च्या पाहणीत ते शोधूनही सापडेनात, इतके कमी झाले.

कोरियाने केवळ गोळ्या वाटल्या नाहीत. त्याच काळात घरोघर शौचालये आली, मैल्याऐवजी रासायनिक खत आले, नळाचे पाणी आले.

दिल्लीची शाळा आणि वर्षातून दोनदा गोळी

हिंदूरावच्या टेकडीपासून जवळच, सिव्हिल लाइन्समधल्या शामनाथ मार्गावर राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आहे. देशात कुठल्या राज्यात किती मुलांना जंत आहेत, याची पाहणी या केंद्राच्या पुढाकाराने झाली. २०१६ पर्यंत पूर्ण झालेल्या या पाहणीत मध्य प्रदेशात सुमारे साडेबारा टक्के, तर तामिळनाडूत सुमारे ८५ टक्के एवढी तफावत दिसली.

दिल्लीत त्याआधीच एक उद्‌बोधक प्रयोग झाला होता. झोपडवस्त्यांतल्या बालवाड्यांमधील दोन ते सहा वर्षांच्या मुलांना जंतांचे औषध आणि त्याबरोबर लोह व ‘अ’ जीवनसत्त्व देण्यात आले. सुरुवातीला त्यांच्यातली ६९ टक्के मुले रक्तक्षयी होती आणि ३० टक्क्यांच्या पोटात जंत होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध मिळालेल्या मुलांचे वजन वाढले आणि त्यांची गैरहजेरी पाचव्या हिश्शाने घटली. यात जंतांच्या औषधाचा वाटा किती आणि लोहाचा किती, हे वेगळे काढता येत नाही; पण पोट ठीक असेल तर मूल शाळेत येते, एवढे नक्की. २०१२ च्या फेब्रुवारीत दिल्लीतल्या शाळा आणि अंगणवाड्यांतून लाखो मुलांना एकाच आठवड्यात हे औषध देण्यात आले.

२०१५ साली केंद्र सरकारने ‘राष्ट्रीय जंतनाशक दिन’ सुरू केला. पहिल्या फेरीत ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या जवळपास ९ कोटी मुलांना गोळी मिळाली. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळेत किंवा अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मोफत दिली जाते. दोन वर्षांवरच्यांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून पाण्यातून. मोठ्या मुलांनी ती चावून खायची असते. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देत नाहीत. बरे झाल्यावर देतात.

ही गोळी जंताला साखर शोषू देत नाही, त्यामुळे तो उपासमारीने मरतो. गोल जंतांवर एकच मात्रा बहुतेक वेळा पुरते. पोटात जंत बरेच असतील तर गोळी घेतल्यावर थोडी मळमळ, पोटदुखी होऊ शकते. पालकांनी घाबरून जाऊ नये. तासा-दोन तासांत ती सहसा थांबते. गर्भवती स्त्रियांनी मात्र ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, पहिल्या तीन महिन्यांत तर नाहीच.

गोळीकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नये. उत्तर प्रदेशात १९९९ ते २००४ या काळात सुमारे १० लाख बालकांवर झालेल्या प्रचंड अभ्यासात दर सहा महिन्यांनी जंतांचे औषध देऊनही बालमृत्यूंचे प्रमाण फारसे घटले नाही. तिथल्या मुलांमध्ये जंतांची बाधा सौम्य होती. म्हणजे गोळी बालमृत्यूवरचा रामबाण नव्हे. भरपूर जंत असलेल्या मुलाला मात्र ती मोठा त्रास वाचवते.

आजीचे बरोबर, आजीचे चूक

‘गोड खाऊ नकोस, जंत होतील’ हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरात मूल मोठे होत नाही. पण गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. पोटात अंडे गेल्याशिवाय जंत होणे अशक्य आहे. मिठाई उघडी, माश्या बसलेली असेल तर गोष्ट वेगळी. झोपेत दात खाणे किंवा गालावर पांढरट डाग पडणे हीदेखील जंतांची खात्रीची खूण नव्हे. मूल माती खात असेल तर मात्र दुर्लक्ष करू नये. माती खाण्यामागे बहुधा शरीरातली लोहाची कमतरता असते आणि त्या मातीतूनच जंतांची अंडी पोटात जातात.

बाळाच्या दुधात वावडिंग उकळण्याची आपली रीत जुनी आहे. चरकसंहितेत वीस प्रकारच्या कृमींचे वर्णन असून त्यावर तीन पायऱ्यांचा उपचार सांगितला आहे. पहिली, कृमी बाहेर काढणे. दुसरी, त्यांना अनुकूल असलेली शरीरातली परिस्थिती बदलणे. आणि तिसरी, मूळ कारणच टाळणे. आजची गोळी पहिली पायरी उत्तम पार पाडते. पण मातीतली अंडी तशीच राहिली, तर पाच-सहा महिन्यांत बऱ्याच मुलांच्या पोटात जंत पुन्हा येतात. तिसऱ्या पायरीला पर्याय नाही.

घरात काय करता येईल?

शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुण्याची सवय मुलाला चालायला लागल्यापासून लावावी. नखे दर आठवड्याला कापावीत. अंडी नखांच्या मळात लपतात. बाहेर खेळताना पायांत चप्पल असावी. गोल जंत पायातून शिरत नाहीत, पण अंकुशकृमी शिरतात. काकडी, गाजर, मुळा, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, शक्य तिथे साल काढावी. लाल औषधाच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवल्याने जंतांची अंडी मरतीलच असे नाही. पाण्यात क्लोरिन टाकूनही ती सहज मरत नाहीत. पाणी उकळले तर मात्र मरतात. भाजी शिजवून खाल्ली तर प्रश्नच उरत नाही.

लहान बाळाचे शौच निरुपद्रवी असते, असे समजून ते अंगणात किंवा गटारात टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. ही सवय आधी मोडायला हवी, कारण लहान मुलांच्या पोटातच जंत सर्वाधिक असतात. ते शौचालयातच टाकावे.

आणि गोळी एकट्या मुलाला देऊन भागत नाही. एका मुलाला जंत झाले, तर तेच ताट, तेच अंगण वापरणाऱ्या भावंडांनाही होण्याची शक्यता असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सर्वांनीच औषध घ्यावे.

२०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली सुमारे १९ टक्के कुटुंबे शौचालय वापरत नव्हती. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणजे वाट योग्य आहे, पण संपलेली नाही. नारूसारखा भयंकर कृमी आपल्या देशाने हद्दपार केला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. तो गोळीने गेला नाही; पाणी गाळून पिण्याच्या सवयीने आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून गेला. गोल जंतांच्या बाबतीतही घरातल्या आईबापांचे हात, शाळेतली गोळी आणि वस्तीतले शौचालय या तिघांनी मिळून हे काम करायचे आहे. तोवर येत्या फेब्रुवारीत किंवा ऑगस्टमध्ये शाळेतून जंतांच्या गोळीची सूचना आली, की त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.